काळीचा नकाशा आणि पांढरीतली माणसे

मराठी मुलुखात गावाच्या जमिनीला दोन नावे आहेत. नांगराखाली येते ती काळी आणि जिच्यावर घरे उभी राहतात ती पांढरी. कुणब्याची काळी, बलुतेदारांसकट सगळ्या गावाची पांढरी. आणि महार? तो काळीत राबला, पण काळी त्याची नव्हती. गावाची सगळी कामे त्याने केली, पण पांढरीत त्याला घर बांधता आले नाही. त्याची वस्ती पांढरीच्याही पलीकडे, गावकुसाबाहेर. या दोन शब्दांनी सारा गाव वाटून घेतला आणि त्या वाटणीत त्याला जागाच ठेवली नाही. ही गोष्ट बोलण्यात असते तोवर तिला रूढी म्हणतात. तीच शाईने कागदावर उतरली आणि तिच्यावर सरकारी शिक्का बसला की तिला पुरावा म्हणतात. गावनकाशा हा असा पुरावा आहे. तो कसा तयार झाला, त्यात काय आले आणि काय गळाले, हे समजून घेण्याची निकड आज आपल्या माणसांना कधी नव्हे इतकी लागली आहे.

हे लिहिण्याचे निमित्त कोलशेत. ठाणे शहराच्या उत्तर अंगाला, खाडीच्या काठावरचे हे गाव. आसपास बाळकुम, ढोकाळी, वडवली, कावेसर. खाडीपलीकडे भिवंडी तालुक्यातले काल्हेर. १ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाणे महानगरपालिका झाली तेव्हा नगरपालिकेच्या हद्दीबाहेरची जी गावे तिच्यात आली त्यांत कोलशेतही होते. त्याआधीच कोलशेत रस्त्याला रसायनांचे मोठे कारखाने उभे राहिले होते. सँडोझचा कारखाना पुढे क्लॅरियंट या नावाने चालला. बायरचा कारखानाही याच रस्त्याला. आता त्या जागांवर गगनचुंबी गृहसंकुले आहेत. परंतु या संकुलांची कागदपत्रे उघडून पाहावीत. तीस-चाळीस मजली इमारत ज्या जमिनीवर उभी आहे तिची ओळख आजही भातखाचराच्या सर्व्हे नंबराने आणि हिस्सा नंबराने दिली जाते. खाचर गेले, बैल गेले, कारखानाही गेला. नंबर मात्र तसाच राहिला. हा चिवटपणा कुठून आला?

पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारला शेतसारा बसवायचा होता. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे भागात केलेली पहिली पाहणी फसली. सारा इतका जड बसला की लोक जमिनी टाकून निघून गेले. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात नव्या रीतीने मोजणी सुरू केली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम पक्के झाले. एका बैलजोडीने कसता येईल एवढ्या जमिनीचा सर्वसाधारणपणे एक नंबर करायचा, त्याच्या कोपऱ्यांवर दगड रोवायचे, जमिनीची प्रत आण्यांत ठरवायची आणि त्यावर आकार बसवायचा. हीच रीत पुढे साऱ्या मुंबई इलाख्यात पसरली. कोकणात भातखाचरे एवढी लहान की एका नंबरात अनेकांचे तुकडे येत. म्हणून पुढे हिस्सा मोजणी झाली आणि नकाशावर पोटहिश्श्यांच्या बारीक रेषा आल्या. डोंगरउताराची, नाचणी-वरीची आणि राबासाठी पालापाचोळा पुरवणारी जमीन वरकस म्हणून वेगळी दाखविली गेली.

मोजणी साखळीने होई. इंग्लंडातली गंटरची साखळी सहासष्ट फुटांची. आपल्याकडे तिच्या अर्ध्या लांबीची, तेहतीस फुटांची साखळी वापरली गेली. तिचे सोळा भाग, प्रत्येक भागाला आणा म्हणायचे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद अशी जागा म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. आज ठाण्यात गुंठ्याच्या भावावरून भाऊबंदकी पेटते, तो गुंठा म्हणजे मोजणीदाराच्या साखळीचा एक चौकोन आहे, एवढे लक्षात असू द्यावे. जागेवर घेतलेली मापे टिपणात उतरत, टिपणावरून नकाशा तयार होई आणि क्षेत्र व आकार यांची जुळणी आकारबंदात होई. नकाशावर नाव कोणाचेच नाही. तिथे फक्त नंबर. नाव शोधायचे तर दुसऱ्या दप्तरात जायचे, म्हणजे आजच्या भाषेत सातबाराला.

परगावाहून आलेल्या मोजणीदाराला गावाची शीव मात्र कोणीतरी दाखवावी लागते. शीव ठाऊक असणे हे महाराचे वतनी काम होते. ब्रिटिश अंमलाच्या आधीपासून शिवेच्या भांडणात महाराची साक्ष मोलाची मानली जाई. डोक्यावर मातीचे ढेकूळ घेऊन शिवेवरून चालून दाखविण्याच्या रीतीही होत्या. ओढा कुठे वळला, कोणत्या झाडाखाली खुणेचा दगड पुरला आहे, कोणत्या साली कोणी बांध सरकवला, हे तोंडपाठ असणारा माणूस तोच. कारण रात्रीअपरात्री निरोप घेऊन त्या शिवेवरून पायपीट करणारा तोच होता. सरकारी अंमलदार गावात आला की त्याचे ओझे उचलणे, त्याच्या घोड्याला वैरण आणणे, त्याच्यापुढे वाट दाखवत चालणे, हेही वतनातच मोडे. मोजणी त्याला अपवाद असण्याचे कारण नाही. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनासंबंधीचे बिल मांडले ते याच गुलामीविरुद्ध. चोवीस तास राबणूक, घरातल्या कोणालाही केव्हाही हाक, आणि बदल्यात नाममात्र जमीन व दारोदार मागायचे बलुते.

म्हणजे गावनकाशाची सर्वांत बाहेरची रेषा, जिच्यामुळे गावाला आकार येतो, ती महाराच्या आठवणीतून आणि पायांतून आली. मोजणीदाराने ती कागदावर घेतली. रेषा राहिली आणि ती सांगणारा नाहीसा झाला.

आपल्याकडे म्हण आहे, गाव तिथे महारवाडा. म्हण हिणवण्यासाठी वापरली जाते, पण वस्तुस्थिती म्हणून ती खरी आहे. मग गावाच्या नकाशात महारवाडा कुठे असतो? ठाणे जिल्ह्यातले आणि बाहेरचे असे जे जुने गावनकाशे मी पाहत आलो आहे, त्यांत मला तीन प्रकार आढळले. काही ठिकाणी गावठाणापासून तुटक अशी एक लहान आकृती असते आणि तिच्यात वस्तीचे नाव लिहिलेले असते. काही ठिकाणी वस्ती कोणातरी खातेदाराच्या नंबरात असते. म्हणजे जागेवर घरे आणि कागदावर शेत. आणि काही ठिकाणी काहीच नसते. खुद्द गावठाणही अशा नकाशात फारसे बोलत नाही. नंबरांच्या जाळ्यात मध्येच एक कोरी जागा, तिच्यावर ‘गावठाण’ एवढीच अक्षरे. क्वचित देऊळ, विहीर, एखादी वाट. घर एकही नाही.

याचे कारण सरळ आहे. हा नकाशा साऱ्यासाठी काढला गेला आणि सारा काळीवर होता. पांढरीवर शेतसारा नाही, म्हणून पांढरी मोजण्याची गरज नाही. नंबर मिळाला तो काळीला, आणि पांढरी कागदावरही पांढरीच राहिली. मोजणीदाराच्या मनात जातिद्वेष होता की नव्हता, हा प्रश्न येथे गौण आहे. तो आपला हिशेब करीत होता. परंतु हिशेबालाही जात असते. कोऱ्या जागेत पाटलाचे घरही होते आणि ते नकाशात नव्हते. त्याचे काही बिघडले नाही, कारण त्याची काळी दहा नंबरांतून बोलत होती. ज्याला काळीच नाही, ज्याच्याजवळ असलेले सारे काही त्या कोऱ्या जागेत किंवा तिच्या बाहेर आहे, तो मात्र दप्तरातून समूळ पुसला गेला. शंभर वर्षे एकाच ओट्यावर राहिलेल्या घराण्याला आपण येथे होतो हे सांगण्यासाठी एक रेघही मिळत नाही.

कोलशेतसारख्या खाडीकाठच्या गावात या पुसण्याला आणखी एक बाजू आहे, आणि दलित चळवळीने तिच्याकडे पुरेसे पाहिलेले नाही असे माझे मत आहे. कोळ्याची काळी म्हणजे पाणी. पाग टाकण्याची जागा, होडी ओढून ठेवण्याचा काठ, जाळी वाळवण्याचे आवार, ओहोटीला निवट्या आणि चिंबोऱ्या धरण्याचा चिखल, हे सगळे पिढ्यानपिढ्या वहिवाटीचे. गावनकाशा मात्र खाडीच्या कडेला येऊन थांबतो. पुढे ‘खाडी’ असे लिहिले की काम संपले. बांध घालून, उघाडी बसवून खाऱ्या पाण्यातून काढलेली खारजमीन आकाराला आली की तिला नंबर मिळतो. बांधाबाहेरच्या खाजणात हयात घालवणाऱ्याला नाही. पुढे याच ठाणे खाडीत डुबी मारून, तळातली रेती बादलीने वर काढणारे मजूर आले. कानात पाणी जाऊन बहिरे होण्याचा तो धंदा. त्यांची जागा तर पाण्याखाली. कोणत्याही नकाशाला तिचा विधिनिषेध नाही. जंगलकडेच्या आदिवासी पाड्यांचेही असेच आहे. त्यांचा पाडा वरकसाच्या किंवा वनाच्या नंबरात बुडालेला असतो.

गावाच्या हद्दीतच हवाई दलाचे ठाणेही आहे. देशाच्या संरक्षणाच्या जागांचा तपशील सार्वजनिक नकाशात दाखवीत नाहीत, हा नियमच आहे. तेव्हा नकाशातल्या कोऱ्या जागा दोन जातींच्या असतात. एक महत्त्वाची म्हणून झाकलेली आणि दुसरी क्षुल्लक म्हणून सोडून दिलेली. कागदावर दोन्ही सारख्याच पांढऱ्या दिसतात. पहिलीच्या भोवती कुंपण आणि पहारा असतो, दुसरीवर कोणीही केव्हाही हक्क सांगत येतो.

हे केवळ आपल्या मातीतले नव्हे. साहेबाची साखळी जगभर फिरली. कॅनडाच्या गवताळ मैदानी मुलखात सरकारने साऱ्या भूमीचे चौरस पाडले. एका चौरस मैलाचा एक विभाग म्हणजे ६४० एकर, त्याचा पाव हिस्सा १६० एकर. असे छत्तीस विभाग मिळून एक टाउनशिप. नदी कुठे, वस्ती कुठे, कोण किती काळापासून राहतो, याचा विचार न करता रेषा सरळ जात. पण रेड रिव्हरच्या काठी मेती लोक राहत होते. मूळ रहिवासी आणि युरोपीय यांच्या संबंधातून उभा राहिलेला हा समाज. त्यांच्या जमिनी नदीपासून मागे लांबच लांब पट्ट्यांसारख्या, म्हणजे प्रत्येक घराला पाणी, शेत आणि गवत तिन्ही मिळावे अशा. ११ ऑक्टोबर १८६९ रोजी सरकारी मोजणीदार अशाच एका जमिनीवरून रेषा नेऊ लागले तेव्हा लुई रिएल आणि त्याचे सोबती तेथे आले आणि त्यांनी मोजणीच्या साखळीवर पाय ठेवला. मोजणी थांबली. त्या प्रतिकारातून १८७० चा मॅनिटोबा कायदा आला आणि मेतींच्या मुलांसाठी चौदा लाख एकर जमीन देण्याचे वचन त्यात लिहिले गेले. ते वचन नीट पाळले गेले नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तसा निर्वाळा दिला तो २०१३ साली, म्हणजे एकशे चाळीसहून अधिक वर्षांनी. त्याच मैदानातले पुढच्या काळातले नकाशे आज मोठ्या कौतुकाने जपले जातात. त्यांत पाव-विभागाच्या प्रत्येक चौकोनावर गोऱ्या शेतकऱ्याचे नाव छापलेले आहे. गावाची आठवण म्हणून ते गोड वाटतात. त्या चौकोनांआधी तेथे कोण होते, हे त्यांत नाही.

रिएलच्या लोकांचे नशीब आपल्याला मिळाले नाही, कारण आपल्या हातात साखळी होती ती धरण्यासाठी. तिच्यावर पाय ठेवण्याची मुभा वतनदार गुलामाला नव्हती.

आता आजकडे येऊ. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाने जी जमीन दुसऱ्या कोणाच्या मालकीची नाही ती शासनाची, असे कलम २० मध्ये सांगितले आहे. गावठाणाच्या हद्दी ठरविण्याचा अधिकार कलम १२२ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्याला आहे, आणि गावठाणातल्या जागांची मोजणी कलम १२६ खाली होऊ शकते. तशी मोजणी झाली की घराला नगर भूमापन क्रमांक आणि मालमत्ता पत्रक मिळते. जिथे ती झाली नाही, किंवा झाली पण वस्ती गावठाणाच्या रेषेबाहेर पडली, तिथे घर आहे आणि कागद नाही अशी स्थिती. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने ‘स्वामित्व’ योजना सुरू केली आणि ड्रोन उडवून गावठाणातली घरे मोजायला आरंभ झाला. दीडशे वर्षांनी पांढरीकडे मोजणीदाराची नजर वळली, हे चांगलेच झाले. पण ती योजना ग्रामीण भागासाठी आहे. कोलशेतसारखी जी गावे शहराच्या पोटात गेली, त्यांना तिचा उपयोग नाही. ती गावे ग्रामपंचायतीच्या कागदात राहिली नाहीत आणि शहराच्या कागदात पुरती आली नाहीत. ठाण्यात समूह विकासाची योजना आली तेव्हा गावठाणे आणि कोळीवाडे तिच्यातून वगळा म्हणून लोक रस्त्यावर आले, त्याचे मूळ येथे आहे. झोपडपट्टी आणि गावठाण यांतला फरक जागेवर डोळ्यांना दिसतो, पण तो नकाशावरच्या एका रेषेने सिद्ध करावा लागतो. ती रेषा नसली की शंभर वर्षांचा रहिवासी आणि काल आलेला, दोघे एकाच मापाने मोजले जातात. अर्थात काल आलेल्यालाही डोक्यावर छप्पर हवेच. त्याला अतिक्रमणवाला ठरवून आपला हक्क सिद्ध करण्याच्या मार्गाला मी जाणार नाही.

काळीत आपल्या वाट्याला जो तुकडा आला तो वतनाचा. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली आणि त्या जमिनी कब्जेहक्काची रक्कम भरून पूर्वीच्या वतनदारांना परत देण्याची तरतूद झाली, परवानगीवाचून विकता येणार नाहीत या शर्तीवर. तेव्हा वतनी जमिनीचा सर्व्हे नंबर ज्याला ठाऊक आहे त्याला दप्तरात मागे जाता येते. घराच्या जागेचे तसे नाही. म्हणून आपल्या अनेक घराण्यांची गंमत अशी की गुलामगिरीच्या मोबदल्याचा पुरावा आहे, राहत्या घराचा नाही.

याच संदर्भात एका निर्णयाविषयी लिहिले पाहिजे, आणि येथे मतभेद होतील हे गृहीत धरून लिहितो. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा ही पाटी मुलांच्या पत्त्यावर पिढ्यानपिढ्या चिकटली होती. ती गेलीच पाहिजे. त्याविषयी दुमत नाही. पण पाटी बदलणे आणि दप्तर पुसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जातीच्या दाखल्याची पडताळणी होते तेव्हा अनुसूचित जातीच्या माणसाला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे वास्तव्य आणि जात दाखवावी लागते. शाळेचा दाखला नसेल, कारण आजोबा शाळेत गेलेच नाहीत. मग कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद शोधायची, हक्कनोंदीचा फेरफार शोधायचा. त्या नोंदीत वस्तीचे जुने नाव असते. नवा कागद समतानगर म्हणतो, जुना महारवाडा म्हणतो, आणि या दोन्ही एकच जागा आहेत हे सांगणारा तिसरा कागद कोणाजवळच नसतो. अपमानाचे नाव ओठांवरून जावे, परंतु दप्तरात ते नव्या नावाशेजारी तारखेसह नोंदलेले असावे, असा आग्रह आपण धरला पाहिजे. नाहीतर ज्या नकाशाने आपल्याला पहिल्यांदा गाळले, त्याच्यावर आपणच दुसऱ्यांदा खोडरबर फिरवू.

कोणी विचारील, मग करायचे काय? जे करता येण्यासारखे आहे ते फार अवघड नाही. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून गावनकाशाची नक्कल मिळते. सर्व्हे नंबर ठाऊक असेल तर टिपणाची आणि आकारबंदाच्या उताऱ्याचीही. नकाशाची मोठी प्रत काढून घ्यावी आणि वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांसमोर ठेवावी. पुरुषांबरोबर बायाही हव्यात, कारण पाणी, सरपण, वाळवण, बाळंतपण यांच्या वाटा त्यांनाच ठाऊक असतात. आपली विहीर कुठली आणि जिला हात लावता येत नव्हता ती कुठली. मेलेले ढोर कुठे नेत. आपले स्मशान कुठे. खाडीवर उतरण्याची वाट कोणत्या नंबरातून जाई. कारखान्याची भिंत येण्यापूर्वी त्या जागी काय होते. हे सारे जुन्या नंबरांच्या आधाराने कोऱ्या जागेत भरावे. नंबर खाली, आठवण वर. चूक झाली तरी चालेल, पण दोन माणसांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर दोन्ही लिहाव्यात. गुळगुळीत करून एक करू नये. सांगणाऱ्याचे नाव, वय, तारीख आणि सही किंवा अंगठा घ्यावा. न्यायालय अशा नकाशाला मोजणीचा दर्जा देणार नाही हे उघड आहे. परंतु गावठाणाच्या हद्दीसाठी, वहिवाटीसाठी किंवा हरकतीच्या सुनावणीसाठी उभे राहताना हातात काहीच नसणे आणि सह्यांनिशी केलेला नकाशा असणे, यांत मोठे अंतर पडते. किनाऱ्याच्या नियमनाचे नकाशे तयार होताना मच्छीमार वस्त्या आणि त्यांच्या सामाईक जागा दाखविण्याची तरतूद २०११ च्या अधिसूचनेपासून आहे. तिथे कोळी बांधवांना हाच कागद कामाला येईल, आणि ते काम त्यांनी व आपण मिळून करायला हरकत नसावी.

घाई मात्र करावी लागेल. बांध कोणता आणि ओढा कोठून वळला हे ज्यांना सांगता येते ती माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. खुणेचे दगड तर इमारतींच्या पायात केव्हाच गेले.